पुन्हा वाचावे की पुस्तक मिटून आठवावे?

राज्यसेवा पूर्वपरीक्षेला चार-साडेचार महिने उरले की अभ्यासिकेत बसणाऱ्या बहुतेक मुलामुलींपुढे एकच प्रश्न येऊन ठाकतो. राज्यघटना, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र यांची मूळ पुस्तके एकदा वाचून झालेली असतात. आता हाती असलेल्या दिवसांत तीच पुस्तके दुसऱ्या-तिसऱ्यांदा वाचावीत, त्यांतून नोट्स काढाव्यात, सूत्रे बसवून पाठांतर करावे, की वाचन बाजूला ठेवून स्वतःलाच प्रश्न विचारावेत? मी गेली काही वर्षे अशा विद्यार्थ्यांना राज्यघटना शिकवतो आहे. दिवसाचे दहा-दहा तास प्रामाणिकपणे खुर्चीत बसूनही ऐन परीक्षेत हात रिकामे राहिलेली मुले मी जवळून पाहिली आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते. म्हणून या पद्धती एकमेकींशेजारी ठेवून, त्यांच्यावर झालेल्या प्रयोगांच्या आधारे कोणती कधी घ्यावी हे मांडतो आहे.

पुनर्वाचन आणि आठवण यांची सरळ तुलना करणारा सर्वांत बोलका प्रयोग हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा आहे. तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी छोटे माहितीपर उतारे दिले. एका गटाने उतारा लागोपाठ चार बैठकांत वाचला. दुसऱ्याने तीन बैठकांत वाचून चौथ्या बैठकीत तो न बघता आठवून लिहिला. तिसऱ्या गटाने एकाच बैठकीत वाचला आणि उरलेल्या तिन्ही बैठकांत कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चारदा वाचणारे पुढे होते. त्यांना 83 टक्के मजकूर आठवला, दुसऱ्या गटाला 78 टक्के आणि तिसऱ्याला 71 टक्के. मात्र आठवड्यानंतर घेतलेल्या परीक्षेत क्रम पूर्ण उलटला. चारदा वाचणाऱ्यांकडे 40 टक्केच उरले होते, एकदा आठवणाऱ्यांकडे 56 आणि तीनदा आठवणाऱ्यांकडे 61 टक्के.

माझ्या मते या प्रयोगातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र या आकड्यांत नाही. आठवड्याने तुम्हाला किती आठवेल, असे आधीच विचारले तेव्हा सर्वाधिक खात्री चारदा वाचणाऱ्यांनाच होती. म्हणजे जी पद्धत सर्वांत कमी टिकणारे ज्ञान देत होती, तीच सर्वांत जास्त आत्मविश्वासही देत होती. आपल्याला काय येते आणि काय येत नाही याची स्वतःलाच असलेली जाण, आणि त्या जाणिवेनुसार अभ्यासाला दिलेले वळण, याला मानसशास्त्रात मेटाकॉग्निशन म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल यांनी ही संकल्पना 1970च्या दशकात रूढ केली. अभ्यासाची पद्धत निवडताना ही जाण शाबूत राहते की फसते, हा निकष मी स्मरणशक्तीच्या निकषाइतकाच महत्त्वाचा मानतो. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत चुकलेल्या उत्तराला एक चतुर्थांश गुण वजा होतात, त्यामुळे येते की नाही याचा अंदाज चुकला तर त्याची थेट किंमत मोजावी लागते.

हे कसे घडते ते एका प्रकरणावरून पाहू. आणीबाणीविषयक तरतुदी हे प्रकरण बहुतेकांनी तीन-चार वेळा वाचलेले असते. अनुच्छेद 352 (राष्ट्रीय आणीबाणी), 356 (राष्ट्रपती राजवट) आणि 360 (आर्थिक आणीबाणी) हे आकडे दिसले की मान आपोआप डोलते, कारण पान ओळखीचे झालेले असते, पिवळ्या हायलायटरची रेघही ओळखीची झालेली असते. आता पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायला बसावे. संसदेची मान्यता किती मुदतीत मिळावी लागते? 352 साठी एक महिना, इतर दोहोंसाठी दोन महिने. बहुमत कोणते? 352 साठी विशेष, इतर दोहोंसाठी साधे. एकदा मान्यता मिळाल्यावर अंमल किती काळ? 352 आणि 356 साठी एका वेळी सहा महिने, त्यातही 356 ला कमाल तीन वर्षांची मर्यादा. 360 ला अशी मर्यादाच नाही. आणि 352 मधले ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द जाऊन ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द कधी आले? 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने. ज्या विद्यार्थ्याने हे प्रकरण आपले पक्के झाले असे मला सांगितलेले असते, त्याची लेखणी बहुधा दुसऱ्याच ओळीला अडते. महिना कुठे आणि दोन महिने कुठे, यात सरमिसळ होते. ओळखणे आणि आठवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि पुनर्वाचन फक्त पहिलीचा सराव देते. लेखणी जिथे अडते ती जागा कोरा कागद दाखवून देतो, मग पुस्तक उघडून नेमके तेवढेच वाचता येते. अशा वेळी केलेले पाच मिनिटांचे वाचन तासाभराच्या सरधोपट वाचनापेक्षा जास्त कामी येते, असा माझा अनुभव आहे.

तरीही पुनर्वाचनाची ओढ सार्वत्रिक आहे. कार्पिकी, अँड्र्यू बटलर आणि रोडिगर यांनी 2009 मध्ये त्याच विद्यापीठातील 177 विद्यार्थ्यांना ते अभ्यास कसा करतात हे विचारले. सुमारे 84 टक्क्यांनी पुनर्वाचन सांगितले, तर न बघता आठवण्याचा सराव जेमतेम 11 टक्क्यांनी. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दहा अभ्यासपद्धतींवरील संशोधनाचा आढावा घेतला. त्यात स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांवर विभागणे या दोनच पद्धतींना त्यांनी सर्वोच्च उपयुक्ततेचा दर्जा दिला. पुनर्वाचन, अधोरेखन आणि सारांशलेखन खालच्या दर्जात गेले. सारांशाविषयी एक खुलासा हवा. पुस्तक समोर ठेवून उतरवलेल्या नोट्स आणि पुस्तक मिटून आठवणीतून लिहिलेल्या नोट्स दिसायला सारख्याच असल्या तरी त्यांमागचे काम निराळे असते. पहिल्या प्रकारच्या नोट्स सुरेख होतात, दुसऱ्या प्रकारच्या खाडाखोडीने भरतात. निवड करायची तर मी खाडाखोडीची वही घ्यायला सांगेन.

प्रश्नसंच सोडवणे हीसुद्धा आठवणच आहे, असे अनेकांना वाटते. ते अर्धे खरे आहे. चार पर्यायांतून उत्तर निवडताना पुन्हा ओळखीचा आधार मिळतो. शिवाय पर्यायांमधले चुकीचे विधान पुढे खरे म्हणून लक्षात राहण्याचा धोका असतो, हे रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी 2005 मध्ये दाखवून दिले. उत्तरे लगेच तपासली तर हा धोका बराच कमी होतो. म्हणून शंभर प्रश्न धडाधड सोडवून फक्त गुण मोजण्यापेक्षा पर्याय हाताने झाकून आधी उत्तर मनात आणावे, मग पर्याय पाहावेत आणि त्याच बैठकीत चूक दुरुस्त करावी. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे तिच्यासाठी पर्यायांचा सराव पुरेसा नाही. तिथे कोरा कागद हाच खरा सराव आहे.

सूत्रांचे मोल वेगळे आहे. ‘तानापिहिनिपाजा’ने इंद्रधनुष्याचे रंग, ‘कंचेभागुबेव’ने पदावलीतील क्रियांचा क्रम आणि ‘यमाताराजभानसलगा’ने वृत्तांचे गण महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी लक्षात ठेवले आहेत. जिथे क्रम आहे पण त्यामागचे कारण हाताशी नाही, तिथे सूत्राला तोड नाही. परक्या शब्दाला ओळखीच्या ध्वनीची आणि चित्राची जोड देण्याची पद्धत रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि मायकेल रॉ यांनी 1975 मध्ये रशियन शब्दांवर तपासली. ती वापरणाऱ्यांना 72 टक्के शब्दांचे अर्थ आठवले, न वापरणाऱ्यांना 46 टक्के. पण सूत्र आद्याक्षर देते, आशय देत नाही, आणि त्याचीही उजळणी लागते. डनलॉस्कींच्या आढाव्यात ही पद्धत खालच्या दर्जात आहे, कारण तिचा उपयोग मोजक्याच प्रकारच्या मजकुराला होतो. विषयवार अर्धा डझन सूत्रे पुरतात. पन्नास सूत्रे झाली की कोणते सूत्र कशाचे, हेच पाठ करायची वेळ येते.

इथे पाठांतराविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण घोकंपट्टी हा शब्द आपण फार सहज वापरतो. आपल्याकडे तिन्हीसांजेला परवचा म्हटला जाई. त्यात पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढेही असत. मूल पुस्तक न बघता मोठ्याने म्हणत असे, घरातले वडीलधारे माणूस ऐकत असे, चुकले की तिथल्या तिथे टोकत असे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच होई. म्हणजे आठवण, तत्काळ दुरुस्ती आणि दिवसांवर विभागलेली उजळणी, ही तिन्ही अंगे त्यात होती. वेदपठणातल्या घनपाठात तर शब्द एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन असे उलटसुलट गुंफले जातात. त्यामुळे एखादा शब्द निसटला किंवा बदलला तर तो लपून राहत नाही. या परंपरेत अर्थाकडे किती लक्ष दिले गेले हा स्वतंत्र वादाचा विषय आहे, पण स्मरणाचे तंत्र म्हणून ती पुनर्वाचनापेक्षा कोऱ्या कागदाला जवळची आहे. पाठांतर टाकून देताना आपण हे तंत्रही टाकून दिले आणि त्याच्या जागी हायलायटर आणला, याची मला खरोखर खंत वाटते.

आठवण कधी करायची, हा पुढचा प्रश्न. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला. शिकल्यावर पहिल्या तासांत झपाट्याने आणि पुढे सावकाश विसरले जाते, हे तेव्हापासून माहीत आहे. उजळणीत किती अंतर ठेवावे, याचे व्यावहारिक उत्तर निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या 2008 च्या प्रयोगातून मिळते. 1,350 हून अधिक लोकांना त्यांनी अनोळखी तथ्ये शिकवली, वेगवेगळ्या अंतराने त्यांची उजळणी करून घेतली आणि कमाल 350 दिवसांनी परीक्षा घेतली. परीक्षा आठवड्यावर असेल तर त्या मुदतीच्या 20 ते 40 टक्के, म्हणजे साधारण दीड ते तीन दिवसांचे अंतर लाभदायक ठरले. ती वर्षावर असेल तर 5 ते 10 टक्के, म्हणजे साधारण तीन ते पाच आठवड्यांचे. चार महिन्यांसाठी म्हणूनच दोन-तीन आठवड्यांनी एकेका प्रकरणाकडे परत येण्याचे वेळापत्रक मी सुचवतो. एका दिवसात एक प्रकरण चारदा करण्याऐवजी तेच चार तास चार वेगवेगळ्या आठवड्यांत घालवावेत. परत आल्यावर बरेच विसरल्याचे ध्यानात येते आणि मुले घाबरतात. त्यांना मी सांगतो की थोडे विसरल्यावर ओढून काढलेली आठवणच पक्की होते.

अंकगणिताच्या सरावात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. शेकडेवारीची तीस उदाहरणे, मग नफा-तोट्याची तीस, मग काळ-काम-वेगाची तीस, अशी रचना बहुतेक पुस्तकांत असते. डग रोहरर आणि केली टेलर यांनी 2007 मध्ये घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणे एका गटाला प्रकारवार आणि दुसऱ्याला मिसळून दिली. सराव चालू असताना प्रकारवार करणाऱ्यांची 89 टक्के उत्तरे बरोबर होती, मिसळून करणाऱ्यांची 60 टक्के. आठवड्याने परीक्षा झाली तेव्हा आकडे अनुक्रमे 20 आणि 63 झाले. प्रकारवार सरावात कोणती रीत लावायची हे मथळ्यानेच सांगितलेले असते, परीक्षेत मथळा नसतो.

तर निवड कशी करावी? विषय नवा असेल आणि त्यातले काहीच कळलेले नसेल, तर आधी सावकाश वाचावे. ज्याची समजच आलेली नाही ते आठवण्याचा अट्टाहास व्यर्थ आहे. परीक्षा अगदी काही मिनिटांवर असेल तर पुनर्वाचनच करावे, कारण इतक्या थोड्या मुदतीत ते पुढे असल्याचे रोडिगर-कार्पिकींच्या प्रयोगातच दिसते. मात्र असे शिकलेले आठवडाभर टिकेल असे गृहीत धरू नये. अर्थाशिवायचा क्रम किंवा यादी असेल तर सूत्र घ्यावे. या तीन परिस्थिती सोडल्या तर उरलेल्या बहुतेक दिवसांसाठी माझा कौल नि:शंकपणे कोरा कागद आणि विभागलेली उजळणी या जोडीला आहे. ती जड वाटेल. पहिल्या पंधरवड्यात आपण मागे पडत आहोत असेही वाटेल, कारण शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थी तेवढ्या वेळात दोनशे पाने उलटत असेल.

त्या पंधरवड्यात आपल्या वाटण्यावर विसंबू नये, यासाठी एक साधा उपाय आहे. थॉमस नेल्सन आणि डनलॉस्की यांनी 1991 मध्ये दाखवले की शिकल्या-शिकल्या केलेला स्वतःविषयीचा अंदाज बराच चुकतो, पण थोड्या वेळाने, मधे दुसरे काही करून मग केलेला अंदाज पुष्कळ अचूक असतो. म्हणून प्रकरण संपताच ‘झाले’ अशी खूण करू नये. दुसऱ्या दिवशी वहीच्या डाव्या बाजूला, दहापैकी किती मुद्दे आठवतील याचा अंदाज लिहावा, मग पुस्तक मिटलेले ठेवून ते आठवावेत, तपासावेत आणि खरा आकडा उजव्या बाजूला लिहावा. दोन आकड्यांतले अंतर ज्या प्रकरणांत मोठे दिसेल, ती प्रकरणे पुढच्या आठवड्याच्या वेळापत्रकात सर्वांत आधी घ्यावीत.