एकाच जीवाश्म पंखावर नवी प्रजाती, की नुसते 'एसपी.'?

खडकात कीटकाचा फक्त पंख; धड नाही, डोके नाही. नवे नाव द्यावे, की वंशापर्यंत (प्रजातीच्या वरच्या गटापर्यंत) ओळखून पुढे 'एसपी.' (sp., म्हणजे प्रजाती अनिश्चित) लिहून थांबावे?

पुरावा आधी पाहा. चतुराच्या पंखात नोड (पुढच्या कडेवरचा सांधा), त्रिकोण (बुडाजवळचा तिकोनी कप्पा) आणि टेरोस्टिग्मा (टोकाजवळचा जाडसर ठिपका) यांवरून बरेच ठरते. चांगला जपलेला एक पंखही पुरू शकतो. झुरळाच्या पुढच्या पंखाचे तसे नाही. शिरांना किती फाटे फुटतात हे एकाच प्रजातीत, अगदी एकाच किड्याच्या डाव्या-उजव्या पंखांतही बदलते. कार्बनी काळातल्या (सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या) झुरळांची अशी कित्येक नावे पुढे एकमेकांत विलीन करावी लागली. शिवाय खडक दाबला-ताणला गेला असेल तर लांबी-रुंदीचे गुणोत्तर फसवते. ठशाच्या उलट बाजूवर उंच शिरा खोलगट दिसतात, म्हणून फुटलेल्या खडकाच्या दोन्ही फळ्या तिरप्या उजेडात तपासाव्यात. अल्कोहोलचा थेंब टाकला की शिरा उठून दिसतात.

नवे नाव देण्यात श्रम जास्त. प्रजातीचे वेगळेपण शब्दांत मांडावे लागते आणि २००० पासून होलोटाइप (ज्या एका नमुन्यावर नाव आधारलेले असते तो) स्पष्ट नोंदवणे सक्तीचे आहे. 'एसपी.'ला आकृती, मापे, छायाचित्र बास.

टिकाऊपणात मात्र 'एसपी.' सोयीचे: चांगला नमुना मिळाला की नाव देता येते. छापलेले चुकीचे नाव समानार्थी (त्याच प्रजातीच्या जास्तीच्या) नावांच्या यादीत कायमचे राहते.

स्थिर खुणांतच ठळक फरक असेल, पुढचा-मागचा पंख नक्की ओळखता येत असेल, तर नाव द्या. फरक फाट्यांच्या संख्येचा किंवा आकारमानाचाच असेल, तर 'एसपी.'.