‘नवे’ शिफ्टर आणि माझीच टेप

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला नाव घातलं होतं. १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर पळायचं. सायकल सेकंडहँड, पण ट्रायथलॉनचीच. म्हणजे गिअरचे शिफ्टर, गिअर बदलायचे लिव्हर, हँडलच्या पुढे निघालेल्या एरोबारच्या टोकांना. पाऊस लागला तसं गंगापूर धरणाकडे जाणं बंद केलं आणि घरातच ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, पाय मारायला लागलो. ऑगस्टमध्ये मागच्या गिअरचा शिफ्टर इतका जड झाला की तळहाताने रेटावा लागायचा.

दुकानाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसाने लिव्हर दोनदा वरखाली केला आणि मान हलवली. ‘‘सर, आतलं रॅचेट गेलंय. रिपेअर होत नाही, जोडीच बदलावी लागते.’’ साडेसात हजार. केबल बघितली का, असं मी विचारलं. ‘‘केबल कशाला बघायची? हाताला कळतं ना!’’ तिथेच सायकल उचलून निघायला हवं होतं. पण शर्यत तोंडावर आलेली, आणि तो इंडेक्सिंग, कार्बन असलं काय काय बोलत होता.

हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करायची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून नाशकात लाखालाखाच्या सायकली दिसायला लागल्या. त्या उघडून बघण्याची हिंमत मात्र आमच्यासारख्यांना होत नाही. याच भीतीवर काही जणांची दुकानं चालतात.

दोन दिवसांनी सायकल मिळाली. गिअर लोण्यासारखे पडत होते. जुने शिफ्टर मागितले तर, ‘‘भंगारात गेले, सर.’’ बिल म्हणून एका कोऱ्या चिठ्ठीवर ‘शिफ्टर जोडी नवी + लेबर’. पैसे यूपीआयने दिले, तेही कुणाच्या तरी खासगी खात्यावर.

तीन आठवड्यांत गिअर पुन्हा जड.

सातपूर एमआयडीसीत टूलरूमला असलेला माझा मित्र रविवारी घरी आला. सायकलीतलं त्याला फारसं कळत नाही, पण मशीन कळतं. मागचा डिरेलर म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग; त्यावरचा बोल्ट सैल करून त्याने केबल मोकळी केली. ‘‘आता दाब.’’ लिव्हर एका बोटाने टकटक पुढे गेला. म्हणजे शिफ्टर ठणठणीत, दुखणं केबलचं. पाच मिनिटांचं काम, अ‍ॅलन की असेल तर कुणालाही जमेल. दुकानदार शिफ्टर बदला म्हणाला की आधी एवढं त्याच्यासमोर करायला लावा.

मग त्याने इनर, म्हणजे केबलची आतली तार, ओढून काढला. गंजून तपकिरी, त्यावर काळा चिकटा. एरोबारवर वाकून बसलं की घाम नेमका तिथेच टपकतो, आणि ट्रेनरवर तर वाराही नसतो. खारं पाणी आउटरमध्ये, म्हणजे तारेवरच्या आवरणात, झिरपत गेलं होतं. शिवाय आउटर आखूड, त्यामुळे हँडल जिथे बसतं त्या स्टेमपाशी काटकोनात वाकलेला, आणि त्याचं टोक साध्या पक्कडीने कापल्यामुळे आतली प्लास्टिकची नळी चेपलेली. दुकानात यावर नुसता स्प्रे मारला असणार; त्यानेच तीन आठवडे निभावले.

नवा इनर ओवण्यासाठी त्याने शिफ्टर बारमधून बाहेर काढला, आणि मी बघतच राहिलो. खालच्या भागावर पांढरी टेफ्लॉन टेप, प्लंबर नळाला लावतात ती. मार्चमध्ये शिफ्टर बारमध्ये फिरायचा म्हणून मीच गुंडाळलेली, वाकडीतिकडी. दुसऱ्या शिफ्टरवरही तीच. साडेसात हजारांत मला माझेच शिफ्टर पुसून परत मिळाले होते.

दुकानात गेलो. ‘‘टेप आम्हीपण लावतो, सर.’’ नव्या जोडीचं खोकं दाखवा म्हटलं, तर खोकं नाही. डिस्ट्रिब्युटरचं बिल दाखवा म्हटलं, तर आवाज चढला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर समोरच डायल करायला घेतला, तेव्हा तीन हजार परत आले. उरलेल्यासाठी तक्रार करायची तर हातात काय? ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर, ना शिफ्टरचं मॉडेल. पक्कं बिल मागायला मला त्या दिवशी संकोच वाटला होता, त्याची किंमत साडेचार हजार.

इनर, आउटर आणि टोकाच्या टोप्या मिळून सातशे रुपये लागले. ट्रेनरवर बसताना आता एरोबारवर जुना टॉवेल टाकतो. बायको म्हणते, सायकलीला न्हाणं घातल्यासारखं दिसतं.