टोकियो-क्योटो ठरलं, पण मधले चार दिवस कुठे?

बारा-तेरा दिवसांची रजा मिळाली की जपानचा बेत बहुतेक घरांत सारखाच आखला जातो. चार-पाच दिवस टोकियो, तीन-चार दिवस क्योटो आणि ओसाका. पहिल्या खेपेला ही ठिकाणं सोडावीत असं मीही म्हणणार नाही. खरी चर्चा उरलेल्या चार दिवसांची. त्यासाठी होकुरिकु (मुख्य बेटाचा जपान समुद्राकडचा मधला पट्टा), क्यूशू (दक्षिणेचं बेट), तोहोकु (मुख्य बेटाचा उत्तर भाग) आणि होक्काइडो (उत्तरेचं बेट) ही चार नावं पुढे येतात आणि घरात प्रत्येकाचं मत वेगळं पडतं.

माझं म्हणणं आधीच सांगते. चार दिवसांत एकच प्रदेश घ्या, आणि तो सुट्टीचा महिना बघून निवडा. फोटो सगळीकडचेच सुंदर असतात.

मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत जाणार असाल तर डोळे झाकून होकुरिकु. पहिलं कारण रस्त्याचं. टोकियोहून होकुरिकुतल्या कानाझावा शहराला शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, अडीच तासांत पोचवते. मार्च २०२४ मध्ये ही लाइन पुढे त्सुरुगापर्यंत गेली. तिथे एकदा गाडी बदलली की कानाझावा ते क्योटो दोन-सव्वादोन तास. म्हणजे टोकियोहून निघून कानाझावामार्गे क्योटोत उतरता येतं, गेलेल्या वाटेने परत यावं लागत नाही. देशभराचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाला, तेव्हापासून तो फार थोड्यांना परवडतो. याच वळशासाठी होकुरिकु आर्च पास आहे, तो त्याहून स्वस्त पडतो. मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलातून ‘ताक्क्यूबिन’ने, म्हणजे सामानाच्या कुरियरने, क्योटोला पाठवून द्या आणि पाठीवर एक सॅक घेऊन निघा. आई-बाबा सोबत असतील तर हे नक्की करा.

दुसरं कारण बर्फाचं. तोयामाहून तातेयामाच्या डोंगरावर जाणारा रस्ता एप्रिलच्या मध्याला उघडतो. २,४५० मीटरवरच्या मुरोदोला पोचायच्या आधी बस बर्फ कापून केलेल्या भिंतींमधून जाते. काही वर्षी त्या १५ मीटरच्याही वर असतात, आणि जूनपर्यंत बघायला मिळतात. भर मे महिन्यात नागपूर-जळगावच्या उन्हातून आलेल्या मुलांना त्या भिंतीला हात लावताना बघणं, याहून दुसरं काय हवं? फक्त २९ एप्रिल ते ५ मे हा आठवडा टाळा. तेव्हा अख्खं जपान सुट्टीवर असतं.

कानाझावाहून जाता येणारं शिराकावा-गो हे गाव मला सगळ्यात जवळचं वाटलं. उतरत्या, जाड गवती छपरांची घरं १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, ती रस्त्यावरून सगळेच बघतात. तुम्ही तिकीट काढून वादा कुटुंबाच्या घरात शिरा आणि जिन्याने माळ्यावर चढा. पूर्वी इथे रेशमाचे किडे पाळायचे. वर मान केली की छपराचे वासे एकमेकांना दोरांनी बांधलेले दिसतात, खिळा नाही. खालच्या चुलाण्याच्या धुराने सगळं काळं, चकचकीत झालेलं, आणि त्या धुरामुळेच गवत टिकतं. छप्पर बदलायचं असलं की सगळा गाव एका घरावर चढतो, मग पुढच्या खेपेला दुसऱ्याच्या. त्याला ते ‘युई’ म्हणतात. आपल्याकडची इर्जिक ती हीच. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपाचा मोठा तडाखा उत्तरेकडच्या नोतो द्वीपकल्पाला बसला. कानाझावा आणि शिराकावा-गो पर्यटकांना खुले आहेत.

क्यूशूचा रंग अगदी वेगळा. इथे जमीन जिवंत आहे. बेप्पूत रस्त्याकडेच्या गटारांतून वाफ येते. आसोचं ज्वालामुखी-कुंड उत्तर-दक्षिण जवळपास २५ किलोमीटर पसरलेलं, त्याच्या आत शेतं, गावं, रेल्वे. कागोशिमात तर साकुराजिमा ज्वालामुखी समोरच धुमसत असतो. राख पडली की लोक ती झाडून महापालिकेने दिलेल्या पिवळ्या पिशव्यांत भरून ठेवतात, आणि बातम्यांत डोंगरावरचा वारा कुठे वाहतोय हे सांगतात, म्हणजे कपडे बाहेर वाळत घालायचे की नाही ते ठरतं. फेरीने पंधरा मिनिटांत पलीकडे गेलात की समुद्राकाठी शंभर मीटर लांबीचं गरम पाण्याचं टाकं आहे. पाय सोडून फुकट बसा. गुडघे दुखणाऱ्यांना तिथून उठवणं कठीण. सगळ्यांसमोर कपडे काढून गरम झऱ्यात उतरायचा संकोच असेल, तर कागोशिमाजवळच्या इबुसुकीला युकाता (सुती झगा) अंगावर ठेवूनच गरम वाळूत पुरून घेता येतं.

गोव्याच्या वाचकांसाठी एक धागा. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकात ज्यांचं शव आहे, ते सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानात पहिल्यांदा उतरले ते कागोशिमालाच. त्यांना वाट दाखवणारा आंजिरो हा कागोशिमाचाच माणूस आदल्या वर्षी गोव्यात बाप्तिस्मा घेऊन तयार झाला होता.

क्यूशूची अडचण अंतराची. ओसाका ते हाकाता (फुकुओका शहराचं स्टेशन) अडीच तास ठीक आहे, वाटेत हिरोशिमाही होतं. पण टोकियोला रेल्वेने परतायचं तर पाच तास. परतीला विमान घ्याच. फुकुओकाचा विमानतळ हाकाता स्टेशनपासून मेट्रोने दोनच स्टेशनांवर आहे. आसोच्या बाजूला बस विरळ, तिथे गाडी भाड्याने घेतलेली बरी, आणि विषारी वायू वाढला की विवराचा रस्ता बंद होतो, म्हणून एक दिवस हाताशी ठेवा. जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे धो धो पाऊस. क्यूशूला नोव्हेंबर किंवा मार्चमध्ये जावं.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र उत्तर तिथीवर ठरतं. दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीला आली तर तोहोकु: ओइरासेच्या ओढ्याकाठचं जंगल तेव्हा पिवळं-लाल झालेलं असतं, आणि क्योटोत अजून सगळं हिरवंच. सेंदाई टोकियोपासून दीड तास. तिथून यामादेरा या डोंगरावरच्या देवळाला जाऊन हजारभर पायऱ्या चढायची ताकद असेल तर चढा. १६८९ मध्ये कवी बाशोने दगडात मुरणाऱ्या सिकाडा किड्यांच्या आवाजावरचा हायकू लिहिला तो इथलाच. गर्दी चारही प्रदेशांत इथे सगळ्यात कमी वाटली, पण इंग्रजीही कमी, आणि संध्याकाळनंतर गाड्याही. दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली तर पुन्हा कानाझावाच. केनरोकुएन बागेत १ नोव्हेंबरपासून माळी पाइनच्या झाडांना बर्फाच्या भारापासून वाचवायला दोर बांधायला घेतात. उंच खांबाच्या टोकावरून शेकडो दोर छत्रीसारखे खाली येतात, आणि त्यांच्या खाली रंगलेली मेपलची पानं.

होक्काइडो चार दिवसांत बसवू नका. महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून मोठं बेट आहे ते. शिंकानसेन अजून सापोरोपर्यंत जात नाही. मुलांच्या शाळेची अडचण नसेल तर जुलैत फक्त होक्काइडो करा. फुरानोची लॅव्हेंडरची शेतं तेव्हा फुललेली असतात, आणि बाकी जपानातला पावसाळा तिथे पोचत नाही.

शाकाहारी मंडळींना चारही ठिकाणी त्रास सारखाच. भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो, म्हणून ‘मांस-मासे नको’ एवढं पुरत नाही, ‘कात्सुओ-दाशी’ (हाच माशाचा अर्क) सुद्धा नको असं बुकिंग करतानाच लिहून कळवा. आणि कोणताही प्रदेश निवडलात तरी ओसाकाच्या दिवसांतली एक रात्र काढून कोयासानला द्या. बौद्ध भिक्षू कुकाईने ८१६ मध्ये वसवलेल्या या डोंगरावर मठांतच मुक्काम असतो आणि जेवण पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. इथल्या विद्यापीठात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. मठातलं जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच वाढतात, तेव्हा ओसाकाच्या नाम्बाहून दुपारी एकच्या आत निघा.