आरोग्य अर्थशास्त्राचे पेपर तपासायच्या चेकलिस्ट: काही महिने वापरल्यावर

उपचाराचा खर्च त्याच्या फायद्याच्या मानाने वसूल होतो का, हे मांडणाऱ्या पेपरांचा (शोधनिबंधांचा) सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका विषयावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून तपासणं, गेले काही महिने चालू आहे. दर्जा तपासायला क्यूएचईएस, सीएचईसी, फिलिप्स आणि चीअर्स अशा चारही चेकलिस्ट वापरून झाल्या. नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांसाठी अनुभव लिहितोय.

क्यूएचईएस बहुतेकांना आवडते, कारण ती आकडा देते. 16 प्रश्न, प्रत्येकाचे गुण ठरलेले, बेरीज 100. अनिश्चिततेच्या विश्लेषणाला 9, निधी कुणाचा ते सांगितलं तर 3. तक्ता झकास दिसतो. पण आठवा प्रश्न बघा. कालावधी पुरेसा आहे का, वर्षापुढचा खर्च आणि फायदा डिस्काउंट केलाय का (म्हणजे पुढच्या वर्षांतली रक्कम ठरावीक दराने कमी करून आजच्या किमतीत मोजलीय का), त्या दराचं कारण दिलंय का, हे सगळं एकाच प्रश्नात कोंबलंय. उत्तर हो किंवा नाही, म्हणजे 7 नाहीतर शून्य. जुनाट आजारावरच्या एका पेपरात डिस्काउंटिंग चोख होतं, पण हिशोब 5 वर्षांवर थांबवलेला. मोठी गुंतागुंत सुरू होते ती त्यानंतर. आमच्यातल्या एकाने 7 दिले, दुसऱ्याने शून्य. चूक कुणाची म्हणणार? शेवटी काही जण मधलेच गुण देऊन मोकळे होतात.

याहून जास्त खटकतं ते वेगळंच. नव्या औषधाची तुलना ज्याच्याशी केली तो पर्याय योग्य होता का, असा थेट प्रश्नच या यादीत नाही. प्रत्यक्षात मागे पडलेल्या उपचाराशी नवं औषध लढवलं, की त्याचा फायदा फुगतो आणि प्रत्येक जादा क्वालीमागचा (क्वाली, म्हणजे पूर्ण निरोगी आयुष्याचं एक वर्ष) खर्च स्वस्त वाटायला लागतो. बाकी सगळं नीटनेटकं असेल तर असा पेपर आरामात नव्वदी गाठतो.

2005 ची सीएचईसी माझ्या रोजच्या वापरात टिकली. 19 प्रश्न, सुटसुटीत, गुणांचं ओझं नाही. शेवटचा प्रश्न नैतिक बाजू आणि फायद्याच्या वाटपाचा आहे. तिथे भलेभले पेपर गप्प असतात. तुलनेच्या बाबतीत मात्र तीही पर्यायांचं वर्णन स्पष्ट आहे का, एवढ्यावरच थांबते.

ती उणीव 2004 ची फिलिप्स भरून काढते: शक्य ते सगळे पर्याय घेतले का, वगळले तर का वगळले. लांबलचक आहे, डोकं पिकवते, आणि मॉडेलवर, म्हणजे पुढचा खर्च आणि फायदा गणिती अंदाजाने काढण्यावर, बेतलेल्या अभ्यासांनाच लागू पडते. तरीही मॉडेल असेल तर हिला पर्याय नाही.

चीअर्स (2013 मध्ये 24 मुद्दे, 2022 मध्ये 28) पेपर लिहिणाऱ्यांसाठी उत्तम. पण ती बघते काय सांगितलंय ते, बरोबर केलंय का ते नाही. तिच्यावरून टक्केवारी काढून 'उच्च दर्जा' असा शिक्का मारणारे रिव्ह्यू बघितले की चिडचिड होते.

सध्या सगळ्या पेपरांना सीएचईसी, मॉडेल असेल तर जोडीला फिलिप्स, आणि प्रत्येक उत्तरापुढे एका ओळीचं कारण पान क्रमांकासह. वेळ जास्त जातो. एकूण गुणांचा कॉलम एक्सेलमधून काढून टाकलाय. कुणी मागितलाच, तर कारणांचा कॉलम पाठवतो.