इंदुरात भरून घेतलेली कापसाची गादी: ऊन दाखवणार असाल तरच घ्या

दुकानात जाऊन गादी भरायची आहे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'रुई आपकी या हमारी?' इंदुरात कापसाला रुई, गादीला गद्दा आणि खोळीला खोल म्हणायचं. एवढं जमलं की पुढचा व्यवहार सोपा. हे परीक्षण त्याच गादीचं आहे, म्हणजे तुमच्या मापाची, किलोवर मोजून, तुमच्यासमोर भरून मिळणारी. माप ३ बाय ६ फूट, रुई नवी, १० किलो, खोळ गादीपाटाची, म्हणजे गाद्यांसाठीच्या जाड, घट्ट विणीच्या कापडाची, चारी बाजूंना शिवलेली पट्टी. प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरपोच येणाऱ्या फोमच्या गादीसमोर ठेवली तर झोपेत ही पुढे, सोयीत मागे. पाचपैकी चार गुण. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

आधी तिचा गुण. झोप लागायच्या सुमारास शरीराचं आतलं तापमान उतरायला लागतं आणि ती उष्णता कातडीवाटे बाहेर पडते. खालच्या गादीने ती अडवली की पाठ चिकचिकते आणि मध्यरात्री कुशीवर कुशी बदलणं सुरू होतं. कापूस ओल पितो. साधारण हवेत त्याच्या वजनाच्या ७ ते ८ टक्के पाणी तो धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे घाम चादरीवर न साचता गादीत जिरतो आणि दिवसा उडून जातो. 'शब-ए-मालवा' म्हणून माळव्याच्या रात्रीचं कौतुक आहे. मे महिन्यात दिवसा पारा ४० च्या घरात गेला तरी रात्री उशिरा खिडकीतून बरी झुळूक येते. ती झुळूक पोटाला लागते, पाठीला नाही. पाठीचं काम गादीनेच करायचं असतं.

आता माल. गिरण्यांचं इंदूर नावापुरतं उरलं. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि मालवा मिल आता रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता झाला. पण घाट उतरलं की निमाड अजून कापूस पिकवतो. खरगोन, खंडवा, सेंधवा ही नावं गादीवाल्याच्या तोंडी सहज येतात. मात्र निमाडची रुई म्हणून दाखवलेला प्रत्येक ढीग सारखा नसतो. लांब धाग्याचा कापूस सूत काढायला जातो, गादीत येतो तो आखूड धाग्याचा. त्यात काही वाईट नाही, उलट आखूड पण जाडसर, खरबरीत तंतू गादीत जास्त दिवस फुगून राहतो. घोटाळा होतो तो तिसऱ्या प्रतीत. शिंप्यांच्या चिंध्या आणि जुने कपडे यंत्रात फाडून केलेला भुसभुशीत माल रुई म्हणून भरला जातो आणि त्यात पॉलिएस्टर हमखास असतं.

ओळखायच्या तीन खुणा. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढा. तंतू सरकत सुटले तर ठीक, लगेच तुटून पावडर झाली तर तो माल दोनतीनदा पिंजलेला आहे. दुसरी खूण रंगाची. साधा कापूस किंचित पिवळसर, सायीच्या रंगाचा असतो. दुधासारखा पांढराशुभ्र ढीग धुऊन विरंजलेला असतो, निळी-गुलाबी छटा दिसली तर चिंध्यांचा. तिसरी खूण जाळून पाहायची. वाटाण्याएवढा बोळा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवायचा, आणि हे दुकानाबाहेर करायचं, रुईच्या ढिगाजवळ नाही. कापूस कागदासारखा वास देऊन जळतो आणि हलकी करडी राख मागे राहते. काळी, कडक गोळी उरली की त्यात प्लास्टिकचा धागा आहे. सरकीचे तुकडेही बघून घ्या. मूठभर रुई कुस्करली की बोटांना ते टोचतात. सरकीत तेल असतं, आणि त्यावर किडा येतो.

दर चार गोष्टींचे वेगवेगळे विचारा: रुई किलोमागे, पिंजाई किलोमागे, खोळ आणि भराई-टाके. 'सब मिला के' असा एकच आकडा देणारा दुकानदार नेमकी रुई कमी घालतो. काटा भरण्यापूर्वी बघायचा. खोळीसकट केलेलं वजन काही कामाचं नाही. एकेरी गादीला ८ किलोपेक्षा कमी भरू नये, १० उत्तम. भरल्यावर ती चार-साडेचार इंच दिसते आणि सहा महिन्यांत बसून तीनच्या आसपास येते. हे बसणं दोष नव्हे, गादी त्याच हिशेबाने भरायची असते.

डबल बेडला एकच मोठी गादी करू नका. ५ बाय ६ ची गादी म्हणजे १६-१७ किलो रुई. ती गच्चीवर नेणार कोण? जी गादी गच्चीवर जात नाही ती दोन वर्षांत दगड होते. दोन एकेरी करा आणि वरून एक चादर ओढा. मधली फट नकोशी वाटली तर जुनी दुलई घडी करून तिथे लांबीने खोचा.

भराई उभं राहून पाहण्यासारखी असते. पिंजलेली रुई ढगासारखी पसरतात आणि थरावर थर देत खोळीत सरकवतात. चांगला कारागीर आधी चारी कोपरे ठासतो, मग कडा, आणि मधला भाग सगळ्यात शेवटी, तोही जरा चढता, कारण माणसाचं वजन तिथेच येतं. मग काठीने बडवून थर एकजीव करतो, तोंड शिवतो आणि दाभण घेऊन टाक्यांना बसतो. खरी गादी इथे घडते. दाभण आरपार काढून, दुसऱ्या बाजूने परत आणून, दोरा ओढून गाठ मारायची. दोन टाक्यांत फार तर आठ इंच अंतर. म्हणजे ३ बाय ६ ला साधारण चाळीस टाके व्हायला हवेत. घाईच्या दिवसांत हेच अंतर फुटावर जातं, पंधरा-वीस टाक्यांत गादी उरकते आणि दोन महिन्यांत आतली रुई सरकून गोळे होतात. गाठीखाली कापडाची चकती आहे का तेही बघा. नसेल तर दोरा गादीपाट कापत जातो. टाक्याचा दोरा सुती आणि जाड हवा. नायलॉनचा पक्का असतो खरा, पण खोळीलाच चिरतो.

काठाची शिलाई बरेच जण सोडून देतात. चार इंचांची पट्टी लावून तिला बाजूने दोन ओळी टाके घातले तर कड उभी राहते. नुसत्या पिशवीसारख्या शिवलेल्या गादीची कड उतरती होते आणि पलंगावर बसून पायात चपला घालणारे आजोबा घसरतात.

किती कडक हवी? घरातली वडीलधारी माणसं पाठ दुखली की जमिनीवर निजायला सांगतात. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या ३१३ जणांवरचा अभ्यास छापून आला होता. जुनाट कंबरदुखी असलेल्यांना खूप कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी अधिक मानवली, असा त्याचा निष्कर्ष होता. नवी भरलेली कापसाची गादी पहिला महिना जरा जास्तच उंच आणि टणक लागते, मग मध्यमावर येते. उताणं पडून कमरेखाली तळहात सरकवून बघा. हात सहज आरपार गेला तर गादी कडक, अडकलाच तर मऊ, थोडं ढकलून गेला तर बरोबर. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा टोचत असेल तर वर एक पातळ गोधडी टाकली की भागतं. गादी बदलायला धावू नका.

आता तो कापलेला गुण. ही गादी मेहनत मागते. पहिला महिना आठवड्याला एकदा उलटी करायची आणि उशाची बाजू पायथ्याला न्यायची, नंतर पंधरा दिवसांनी एकदा. पंधरा दिवसांतून एकदा ऊन, सकाळी १० ते दुपारी २, दोन तासांनी पालटून. ऊन खाऊन खाली आणल्याबरोबर अंथरू नका, सावलीत अर्धा तास निवू द्या, नाहीतर त्या रात्री भट्टीवर झोपल्यासारखं होतं. ऊन का द्यायचं? घामाची ओल आणि अंगाचा भार यांनी तंतू एकमेकांत गुंततात आणि रुई नमद्यासारखी, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखी घट्ट होते. ओल गेली आणि काठीने हलकं बडवलं की तंतू पुन्हा मोकळे होतात. बडवताना नाकातोंडावर रुमाल बांधा.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ऊन भरवशाचं नसतं आणि गाद्या बिघडतात त्या याच दिवसांत. पेटीपलंगाच्या प्लायवर सनमायका असेल तर गादीतून खाली उतरलेली ओल तिथेच अडते आणि खालच्या बाजूला काळे ठिपके दिसू लागतात. ही बुरशी. गादीखाली नारळाच्या काथ्याची चटई घाला आणि सकाळी उठल्याबरोबर पलंग आवरायची घाई करू नका. पांघरूण बाजूला सारून अर्धा तास गादी उघडी ठेवा, पंखा चालू असू द्या. प्लायला हातभर अंतरावर भोकं पाडून घेतली तर फारच छान. फरशीवर थेट गादी टाकून ठेवणं पावसाळ्यात बंदच.

काही घरांनी ही गादी घेऊच नये. दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर गादीतले धुळीचे सूक्ष्म किडे त्रास देतात. ते उन्हाने पूर्ण मरत नाहीत. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुतले तर मरतात, पण १० किलोची गादी कोण धुणार? अशा घरी चेनची, घट्ट विणीची खोळ लागते, किंवा दुसरी गादी बरी. ढेकूणही उन्हाने जातात असं समजू नका, ते शिवणीत आणि पलंगाच्या सांध्यात लपतात. तान्ह्या बाळाच्या गादीवर मेणकापड हवंच, कारण आत मुरलेला वास निघत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला उशी देऊ नये, मोहरीचीही नाही, हौसेला कितीही वाटलं तरी.

उशीला मात्र हा कापूस नको. तिला सावरीचा घ्या, इथे सेमल म्हणतात. त्याचे तंतू आतून पोकळ आणि गुळगुळीत असल्याने तो हलका असतो, आणि यंत्रात पिंजायचा नसतो, नुसता हाताने मोकळा करायचा. एका उशीला ८०० ग्रॅम ते १ किलो. कुशीवर झोपल्यावर नाक छातीच्या मध्यरेषेत यावं, एवढीच उशीची उंची. उताणं झोपणाऱ्याला याच्या निम्मी पुरते.

आणि एवढी गादी भरून घेतल्यावर रात्री ११ ला सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात जाऊन भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद) आणि वर मोठ्ठी जिलबी खाल्ली, तर गादी काय करणार? सराफा महिन्यातून एकदा ठीक. रोजचं जेवण निजण्याआधी दोन-तीन तास. संध्याकाळचा चहा ५ पर्यंत आटपा. त्यातलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, म्हणजे ८ चा कप रात्री १ वाजताही निम्मा अंगात असतो. हिवाळ्यात झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्यात पाय बुडवले की पायाच्या शिरा रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि डोळा लवकर लागतो. सकाळी पोहे आणायला गाडी न काढता चालत गेलात तर डोळ्यांवर ऊन पडतं आणि शरीराचं घड्याळ जागेवर राहतं. पोह्यांवर शेव किती घालायची हे तुमचं तुम्ही ठरवा.

भरायला जायचं ते एप्रिल-मेमध्ये. थंडीच्या तोंडावर रजयांची गर्दी असते, टाके लांब पडतात. पावसाळ्यात तर जाऊच नका. दमट हवेत रुई ओल पिऊन बसते आणि १० किलोत सहज अर्धा किलो पाणी तुमच्या पैशाने तोललं जातं. तीन-चार वर्षांनी तीच गादी उसवून पुन्हा पिंजायला द्या. पिंजण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा समोर वजन करून घ्या. १० किलोमागे अर्धा ते एक किलो धूळ आणि भुगा जातो, त्याहून जास्त गेलं तर विचारा. दर पिंजाईत यंत्र तंतू तोडतं, म्हणून दर वेळी तिसरा हिस्सा नवी रुई मिसळायला सांगा. जुनी खोळ परत मागून घ्या. धुऊन कापली की तिच्यात दोन उशांचे आतले कपडे निघतात.