वर्ड फॉर्मेशनचं वर्कबुक: तीन महिने रोज सोडवल्यावर

तीन महिने झाले हे वर्कबुक वापरतेय, म्हणजे मी आणि धाकटा भाऊ दोघं मिळून, त्याला केंब्रिजची बी2 फर्स्ट ही इंग्रजीची परीक्षा द्यायचीये आणि मला ऑफिसचे मेल लिहिताना नेमका शब्द अडतो म्हणून. परवा शेवटचं पान संपलं. घ्यायच्या आधी मी रिव्ह्यू शोधले तर सगळीकडे 'छान आहे, उपयोगी आहे' एवढंच, त्यावरून काही ठरवता येईना, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आत काय आहे, तर वाक्य, वाक्यात रिकामी जागा आणि शेजारी मोठ्या अक्षरात मूळ शब्द. त्याला पुढे काय लावायचं, मागे काय लावायचं हे आपण ठरवायचं. ऑप्शन दिलेले नाहीत, आणि मला हेच सगळ्यात जास्त आवडलं. याआधी फोनवर एक अ‍ॅप वापरत होते, त्यात चारातला एक शब्द निवडायचा असायचा, तिथे माझं बहुतेक सगळं बरोबर यायचं आणि मेल लिहायला बसलं की हात थांबायचा. समोर दिसलेला शब्द ओळखणं वेगळं आणि कोऱ्या जागेत तो आपला आपण तयार करणं वेगळं. शिवाय इथे हाताने लिहायचं असल्यामुळे स्पेलिंगपण पक्कं होतं, हॅपीचं हॅपीनेस करताना वायचा आय होतो हे बोटांना कळायला लागतं. परीक्षेतही असंच आहे, तिसऱ्या भागात 8 जागा, प्रत्येकी 1 मार्क, आणि स्पेलिंग चुकलं की तो मार्क गेला.

पहिल्या आठवड्यात भावाचं एक उत्तर चुकलं ते अजून लक्षात आहे. मूळ शब्द रिस्पॉन्सिबल, त्याने लिहिलं रिस्पॉन्सिबिलिटी. नाम हवं होतं आणि त्याने नामच केलं होतं, पण पुढचं वाक्य वाचलं तर लक्षात येत होतं की त्या माणसाने निष्काळजीपणा केलाय, म्हणजे इररिस्पॉन्सिबिलिटी पाहिजे होतं. तेव्हापासून आम्ही दोघंही आधी पूर्ण उतारा वाचतो, मग बघतो की इथे नाम बसतंय का विशेषण का क्रियाविशेषण, मग अर्थ उलटा हवाय का, आणि शेवटी अनेकवचन लागतंय का. नुसते तक्ते पाठ करून हे येत नाही, मी शाळेत असताना भरपूर तक्ते पाठ केले होते.

नकारार्थी उपसर्गांचं प्रकरण सगळ्यात मोठं आणि सगळ्यात चांगलं जमलेलं आहे. इनचं पी, बी, एमच्या आधी इम होतं, एलच्या आधी इल, आरच्या आधी इर, म्हणून इम्पॉसिबल, इललीगल, इररेग्युलर. पुस्तकात हा नुसता नियम म्हणून दिलाय. पण निदान इम-इन तरी मराठी माणसाला पाठ करायची गरजच नाही, आपला अनुस्वार हेच तर करतो! संप म्हणताना ओठ मिटून म् येतो आणि संत म्हणताना जीभ दातांना लागून न् येतो, आपण कधी विचारपण करत नाही. भावाला एवढं सांगितलं आणि त्या दिवसापासून त्याचं इम-इन चुकलं नाही. आणखी एक, संस्कृतचा अ किंवा अन्, लॅटिनमधून आलेला इन आणि इंग्रजीचा स्वतःचा अन हे तिघं मुळात एकाच घरातले, त्यामुळे अनावश्यक आणि अननेसेसरी शेजारी शेजारी लिहून बघा, खूप बरं वाटतं. फक्त इंग्रजी अन कुणासाठी बदलत नाही, अनप्लेझंट, अनलॉफुल, अनरिअल, सगळीकडे तसाच.

याच प्रकरणात एक पान आहे ज्याच्यासाठी मी हे पुस्तक परत घेईन. अनएबल पण इनॅबिलिटी, अनस्टेबल पण इन्स्टॅबिलिटी, अनइक्वल पण इनइक्वॉलिटी, अनजस्ट पण इनजस्टिस. विशेषणाला अन आणि नामाला इन! इतकी वर्षं इंग्रजी वाचतेय पण या जोड्या अशा एकत्र मांडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्याच्याच खाली फसव्या शब्दांची चौकट आहे, इनव्हॅल्युएबल म्हणजे बिनकिमतीचं नाही तर अमूल्य, आणि इनफ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारं नाही तर पटकन पेट घेणारं, हा दुसरा तर डब्यावर वाचताना चुकला तर जिवावर बेतेल.

प्रत्ययांचा भागपण बरा आहे, लाँगचं लेंग्थ, स्ट्राँगचं स्ट्रेंग्थ, डीपचं डेप्थ, वाइडचं विड्थ असे आतला स्वर बदलणारे शब्द एकत्र घेतलेत आणि हायचं हाइट मात्र नुसत्या टीवर संपतं हे वेगळं दाखवलंय. ई-एन मिळून होणाऱ्या एनचा सराव मजेदार, एनलार्जमध्ये तो पुढे लागतो, वाइडनमध्ये मागे आणि एनलायटनमध्ये दोन्हीकडे.

आता तक्रारी. उच्चाराबद्दल एक ओळ नाही, हे मला खरंच खटकलं. प्रत्यय लागला की इंग्रजीत जोर सरकतो, फोटोग्राफमध्ये तो पहिल्या अवयवावर, म्हणजे सिलेबलवर, फोटोग्राफरमध्ये दुसऱ्या आणि फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्या, इलेक्ट्रिकमधला क इलेक्ट्रिसिटीत स होतो, आणि हे माहीत नसेल तर कागदावर बरोबर लिहिलेला शब्द बोलताना समोरच्याला कळतच नाही. जोराच्या अक्षरावर नुसती एक खूण केली असती तरी चाललं असतं.

दुसरी तक्रार उत्तरांची. पहिल्या अर्ध्या भागात प्रत्येक उत्तराला कारण दिलंय, पुढे नुसते शब्द. मूळ शब्द यूज, वाक्य एका बंद इमारतीचं, मी अनयूज्ड लिहिलं, उत्तर फक्त डिसयूज्ड. डिसयूज्ड म्हणजे आधी वापरात होती आणि आता सोडून दिलेली, हा फरक मान्य, पण ती आधी वापरात होती हे वाक्यात कुठेच नव्हतं, मग माझं उत्तर चूक कसं? जिथे दोन उत्तरं बसतात तिथे दोन्ही द्यायला पाहिजेत नाहीतर एकटं शिकणारा माणूस उगाच स्वतःला चुकीचा समजतो.

कागद पातळ आहे, पेनाचं मागच्या पानावर उमटतं. पेन्सिलच वापरा, खोडून परत सोडवताही येतं. आम्ही चुकलेले प्रश्न आठवड्याने परत सोडवायचो आणि एका वहीत एकेका शब्दाचं घराणं लिहायचो, अ‍ॅक्ट घेतला की अ‍ॅक्शन, अ‍ॅक्टर, अ‍ॅक्टिव्ह, इनअ‍ॅक्टिव्ह, अ‍ॅक्टिव्हिटी, रिअ‍ॅक्शन, सुचेल तेवढं. खरा फायदा त्या वहीचा झाला असं मला वाटतं, आणि ती कल्पना पुस्तकात नाही.

नाम आणि विशेषण यात अजून गोंधळ होत असेल तर हे आत्ताच घेऊ नका, आधी तेवढं पक्कं करा, नाहीतर दुसऱ्या पानावरच कंटाळा येईल. बाकी परीक्षेची तयारी करणाऱ्याने किंवा ज्याला इंग्रजी वाचता येतं पण लिहिताना शब्द अडतो त्याने नक्की घ्यावं. माझे पाचातले चार, एक उच्चारासाठी कापला. आणि उत्तरांच्या पानांना पहिल्या दिवशीच क्लिप लावून ठेवा, भावाच्या हातून ती पानं मीच काढून घेतली होती.