लाकडी ल्यूर: आठ महिने शोधून आणि वापरून

आठ महिन्यांत तीन छोट्या कारागिरांकडून पाच लाकडी ल्यूर, म्हणजे गळाला लावायचे खोटे मासे, घेतले. एक फुगून फुटला, एक खडकात अडकून गेला, उरलेले तीन मासेमारीच्या दर फेरीला पाण्यात उतरतात.

सुरुवातच चुकली, कारण मी रंगाला भुललो. पहिल्या ल्यूरचे खवले फोटोत एकेक मोजता येतील इतके सुबक होते. पाच-सहा फेऱ्यांनंतर पोटाखालच्या हुकाच्या कडीभोवती केसाएवढी रेघ दिसली. तिथून पाणी मुरलं, लाकूड फुगलं आणि एपॉक्सीचा (घट्ट होणाऱ्या राळेचा) थर पापुद्र्यासारखा सुटला. कडी उपसून पाहिली तर नुसता आखूड स्क्रू लाकडात पिळलेला, भोकात एपॉक्सीचा थेंबही नाही. लाकूड बाल्साचं, इतकं हलकं की नखाने दबतं. मोठा मासा लागला असता तर ती कडी हुकासकट त्याच्या तोंडात गेली असती, आणि याची मला आजही चीड येते.

तेव्हापासून रंगाचं शेवटी बघतो. आधी विचारतो: हुकांच्या कड्या धरणारी आतली तार नाकापासून शेपटीपर्यंत सलग आहे का, लाकूड कोणतं, रंगाआधी सील कशाने केलं, पोहतानाचा व्हिडिओ आहे का. दुसऱ्या कारागिराने मोघम उत्तरं दिली, तरी घाईने दोन घेतले. त्यातला एक बरा चालतो, दुसरा खडकात गेला तो. तिसऱ्यांनी मात्र न मागता एका अर्धवट ल्यूरचा फोटो पाठवला. पोटात उभी चीर, चिरेत वाकवलेली स्टीलची तार, तारेखाली शिशाचा तुकडा आणि वर अजून न भरलेली एपॉक्सी. तो फोटो पाहून मी दोन मागवले.

अशी माणसं सापडणं हेच खरं काम आहे. त्यांच्याकडे कॅटलॉग नसतो. थोडे थोडे ल्यूर बनतात आणि हातोहात जातात. मला तिसरे कारागीर मिळाले ते पाण्याकाठी, एका अनोळखी माणसाच्या पेटीतल्या, माशांच्या दातांनी सोललेल्या ल्यूरमुळे. पोटावरची खूण बघितली आणि मालकाला विचारलं. नव्या कोऱ्या ल्यूरपेक्षा झिजलेला ल्यूर जास्त खरं सांगतो. रंग गेलाय पण लाकूड कोरडं आहे, असा दिसला की बनवणाऱ्याचा पत्ता काढाच.

पाणी आत न जाऊ देणं ही या कलेची जुनीच डोकेदुखी. पुढे ज्यांच्या नावाचे ल्यूर जगभर गेले त्या लॉरी रापाला यांनी फिनलंडमध्ये 1936 साली केलेला ल्यूर बुचाचा होता. वर चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद आणि त्यावर वितळवलेल्या फोटो निगेटिव्हचा थर, तोच त्यांचा वॉटरप्रूफ लेप.

तिसऱ्यांच्या दोनांपैकी एक बाल्साचा, एक सीडरच्या लाकडाचा. बाल्सा ओढताना थांबलं की झटकन वर येतो, त्यामुळे बुडालेल्या फांदीवर आपटला तरी बहुतेक वेळा सुटतो. पण हलका असल्याने समोरून वारा आला की फेक अर्ध्यावर पडते. सीडर वजनदार, लांब जातो, वर सावकाश येतो. बाल्साचा पहिल्या दिवशी उजवीकडे पळत होता. तोंड स्वतःकडे धरून दोरीची कडी पक्कडीने डावीकडे किंचित, अगदी दिसेल न दिसेल इतकी वाकवली आणि तो सरळ आला. हाताने केलेल्या वस्तूला एवढी समजूत घालावी लागते. हुक बदलताना मात्र जपा: मी एक नंबर मोठे ट्रेबल (तीन टोकांचे हुक) लावले तर ल्यूर मुका झाला, शेपूट हलेना. मूळ मापाचे लावल्यावर पुन्हा थरथरू लागला.

ओला ल्यूर पेटीत बंद करू नका. ओरखडा लाकडापर्यंत गेला असेल तर आधी पूर्ण वाळवा, मग एपॉक्सीचा थेंब द्या. ओल आत कोंडली तर लाकूड आतून कुजतं.

पाचांमधला सर्वात कामाचा तो बाल्साचा. पाठीवर दातांच्या चार समांतर खाचा आहेत, त्यातली एक लाकडापर्यंत गेलेली. ती भरून घेतली आहे, आणि तिसऱ्या कारागिरांच्या पुढच्या खेपेसाठी नाव नोंदवून ठेवलं आहे.